मोटार रॅलीचे फोटो काढताय? स्टेजवर आणि नाक्यावर या चुका टाळा

गावरस्त्यांवरच्या मोटार रॅलीत, मग ती नाशिकची असो की राजस्थानातली, फोटोग्राफर आणि पोलिसांची बाचाबाची बहुतेक वेळा एकाच कारणाने होते: फोटोग्राफर उशिरा पोहोचतो. पहिली स्पर्धक गाडी सुटण्याच्या तासभर तरी आधी स्टेजचा, म्हणजे वेळ लावून गाड्या पळवण्याच्या टप्प्याचा, रस्ता बंद होतो. त्यानंतर बंदोबस्तावरचा हवालदार अडवतो, आणि त्याचं काही चुकत नाही. आयोजकांचा मीडिया पास त्याने कधी पाहिलेला नसतो. ‘कोणालाही सोडायचं नाही’ एवढाच हुकूम त्याच्याकडे असतो.

या कडकपणाला कारण आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये बाडमेरजवळ ‘रॅली ऑफ जोधपूर’च्या बंद स्टेजवर एक मोटारसायकल आली. स्पर्धेच्या गाडीची धडक बसून एकाच कुटुंबातल्या तिघांचा जीव गेला. नंतर पोलिसांनी गुन्हा दाखल केला.

चूक: नाक्यावर हुज्जत घालणे. पास छापील, फोटोसह ठेवा. सोबत ओळखपत्र आणि आयोजकांना मिळालेल्या परवानगीची प्रत. त्यातल्या रस्ता बंद होण्याच्या वेळेवर पेनाने खूण करा. स्टेजवर मोबाइलला अनेकदा रेंज नसते, त्यामुळे ‘थांबा, फोन लावतो’ हे चालत नाही. जवळच्या मार्शलला (आयोजकांच्या सुरक्षा स्वयंसेवकाला) वायरलेसवर स्टेज कमांडरला, म्हणजे त्या स्टेजच्या प्रमुखाला, विचारायला सांगा. तरीही ‘नाही’ आलं तर पुढची स्टेज गाठा. शेतातून आडवाटेने आत शिरणाऱ्यामुळे स्टेज थांबू शकते, आणि पुढच्या वर्षी पास मागायला तोंड राहत नाही.

चूक: वळणाच्या बाहेरच्या अंगाला उभे राहणे. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. धुळीचा लोट उडवत गाडी समोरून अंगावर येते, फ्रेम झकास मिळते. पण ताबा सुटला की गाडी जाते ती याच बाजूला. उंचवट्यानंतर ती सरळ जाते, म्हणून उडीच्या पलीकडची समोरची जागाही वर्ज्य. आतल्या अंगाला उभे राहा, पण रस्त्याला खेटून नको: चालक वळण कापतात तेव्हा दगड तिकडेच उडतात. मागे सरून, डोक्याइतक्या उंच बांधावर जागा धरा. ७०-२०० किंवा १००-४०० मिमीच्या झूम लेन्सने तिथूनही चांगलं चित्र मिळतं.

रस्त्याकडेच्या चरात उतरू नका, बसू नका, ट्रायपॉड लावू नका. बॅग पाठीवरच असू द्या, पायाशी ठेवली की पळताना तीच आडवी येते. पळायची वाट आधी एकदा चालून पाहा. कॅमेऱ्याला न लावलेला दुसरा डोळा उघडा ठेवा, कानात इअरफोन नको. मार्शलची शिट्टी ऐकू आलीच पाहिजे. गाडी गेल्यावर धुळीत रस्ता ओलांडायचा मोह होतो. दोन गाड्यांमध्ये दोन मिनिटं असली तरी रखडलेल्या गाडीमुळे तो हिशेब कधीही बिघडतो. स्वीपर गाडी, म्हणजे सगळ्या स्पर्धकांच्या मागून येणारी आयोजकांची शेवटची गाडी, जाईपर्यंत जागा सोडू नका.

सर्किटवर, म्हणजे बंदिस्त शर्यतीच्या ट्रॅकवर, धोका वेगळा: जाळीतल्या फोटो-होलमधून फक्त लेन्स बाहेर काढायची, आणि पिटलेनमध्ये (गाड्या टायर बदलायला थांबतात त्या गल्लीत) गाड्यांकडे पाठ करायची नाही. २०१३ मध्ये जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग सर्किटला निसटलेलं चाक कॅमेरामनला लागलं, त्यानंतर फॉर्म्युला वनच्या पिटलेनचे नियम आवळले गेले.

चूक: अपघातानंतर कॅमेरा आधी उचलणे. रॅलीत मदतीला सर्वांत जवळ अनेकदा तुम्हीच असता. आधी मागून येणाऱ्या गाडीला रस्त्याच्या सुरक्षित बाजूने, दुरूनच इशारा करा. गाडीतल्यांनी ‘ओके’ की ‘एसओएस’ पाटी दाखवली ते पाहून मार्शलला कळवा. फोटो त्यानंतर.

पोलीस आले की ‘डिलीट कर’ हे ऐकावं लागू शकतं. गुन्ह्याचा संशय येईल अशा परिस्थितीत सापडलेली वस्तू भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली पोलीस जप्त करू शकतात; फोटो पुसायला लावणं ही जप्ती नव्हे. शांतपणे म्हणा, “साहेब, हा पुरावा आहे. जप्त करायचं असेल तर पंचनामा करा, पुसायला नको.” जप्तीचं चित्रीकरण कलम १०५ प्रमाणे बंधनकारक आहे. कॅमेरा ओढला तरी झटापट करू नका: पोलिसाच्या अंगाला हात लागला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ लागू शकतं, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

फोटो पुसलेच गेले तर कार्ड लगेच काढा आणि त्यावर एकही नवीन फोटो काढू नका. तसंच जपून ठेवलं तर रिकव्हरी सॉफ्टवेअरने बरेच फोटो परत मिळतात.