घरची रेंज, परदेशातला ओटीपी: मोबाइल कंपनी निवडताना या चुका टाळा

परदेशात पोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी माझं कार्ड अडलं. बँकेने ओटीपी पाठवला होता, पण तो ज्या नंबरवर यायचा ते सिम मी विमानतळावरच काढून पाकिटात टाकलं होतं. तिथलं स्थानिक सिम स्वस्तात मिळालं होतं आणि मी स्वतःवर भलताच खूश होतो. ट्रे उघडायची पिन अर्थातच सामानात कुठेतरी होती. शेवटी हॉटेलच्या काउंटरवर शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी कानातलं काढून दिलं आणि त्याच्या तारेने ट्रे उघडला.

त्या दिवशी एक गोष्ट डोक्यात बसली. मोबाइल कंपनीकडून आपण दोन वेगळ्या वस्तू घेतो: एक नंबर, दुसरी इंटरनेट. घरी दोन्ही एकाच सिममधून येतात म्हणून फरक जाणवत नाही. सीमा ओलांडली की त्या वेगळ्या होतात. नंबर ही तुमची ओळख आहे. बँक, ईमेल, मेसेजिंग ॲप, सगळं त्याला बांधलेलं असतं, त्यामुळे तो बदलता येत नाही. इंटरनेट मात्र कुठूनही विकत घेता येतं. खाली ज्या चुका सांगतोय त्यातल्या निम्म्या तरी या दोन गोष्टींची गल्लत केल्यामुळे होतात.

दोन आठवड्यांच्या प्रवासासाठी पन्नास आठवड्यांची कंपनी बदलणं

वर्षातून एकदा परदेशात जाणारे लोक "त्यांचं रोमिंग छान आहे" म्हणून नंबर पोर्ट करतात आणि मग उरलेलं वर्षभर गॅलरीत उभं राहून बोलतात. घरची कंपनी घरच्या रेंजवरून निवडा. दर महिन्याला विमानात बसणाऱ्यांचा हिशोब वेगळा. त्यांनी रोमिंग आधी बघावं. बाकीच्यांनी परदेशातलं इंटरनेट तेवढ्यापुरतं वेगळं घ्यावं.

रेंज तपासायची तर कंपनीच्या नकाशावर विसंबू नका. तो नकाशा बहुतांशी संगणकाने काढलेला अंदाज असतो आणि सहसा उघड्यावरच्या सिग्नलचा असतो, भिंतीआडचा नाही. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांबवर जातात आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी आत येतात. ५जीसाठी अनेक देशांत वापरला जाणारा ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा वेगवान खरा, पण त्याचा पल्ला तोकडा. त्यामुळे रस्त्यावर झकास ५जी आणि आतल्या खोलीत एक काडी, असं होऊ शकतं. दुसऱ्या सिम स्लॉटमध्ये त्या कंपनीचं सगळ्यात लहान प्रीपेड सिम टाकून आठवडाभर वापरा. घर, ऑफिस, लिफ्ट, रोजचा रस्ता. याहून चांगली चाचणी मला तरी माहीत नाही.

स्वतःचे टॉवर नसलेल्या, दुसऱ्याचं नेटवर्क भाड्याने घेऊन सेवा देणाऱ्या कंपन्याही असतात. त्या स्वस्त पडतात आणि बहुतेक वेळा काही बिघडत नाही. पण गर्दीच्या वेळी टॉवरवर ताण आला की अनेकदा त्यांच्या ग्राहकांचा वेग आधी उतरतो. दुसरं म्हणजे, टॉवर तोच आहे म्हणून रोमिंगही तेच मिळेल असं नाही. परदेशी नेटवर्कशी करार प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, आणि या छोट्या कंपन्यांपैकी काहींकडे ते नसतातच. हे प्लॅन घेण्याआधी विचारायचं, बोर्डिंग गेटवर नाही.

घरच्या कंपनीला परदेशाबद्दल मी तीनच गोष्टी विचारतो. डेटा पॅक न घेता नंबर रोमिंगवर चालू राहतो का? येणाऱ्या एसएमएसला पैसे लागतात का? आणि परदेशातल्या वायफायवरून वायफाय कॉलिंग चालतं का? तिन्हींची उत्तरं मनासारखी आली तर महागड्या रोमिंग पॅककडे मी बघतही नाही.

आयएसडी म्हणजे रोमिंग नव्हे

हे फार लोकांचं चुकतं. घरी बसून परदेशात फोन लावणं वेगळं आणि परदेशात जाऊन आपला फोन वापरणं वेगळं. आधीच्याचा पॅक घेऊन विमानात बसलात तर उतरल्यावर त्याचा काहीच उपयोग नाही. रोमिंग पॅकमध्येही ज्या देशात आहात तिथले कॉल, घरी केलेले कॉल आणि तिसऱ्याच देशात केलेले कॉल यांचे दर निरनिराळे असू शकतात.

"युरोप" हा शब्द वाचून पॅक घेणं

युरोपियन युनियनमध्ये १५ जून २०१७ पासून "घरच्याच दरात रोमिंग" हा नियम आहे आणि पुढे त्याची मुदत २०३२ पर्यंत वाढवली गेली. नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन त्यात येतात. स्वित्झर्लंड येत नाही. तुर्कस्तान येत नाही. ब्रिटन युनियनमधून बाहेर पडल्यावर तिथल्या ग्राहकांची ही हमी गेली आणि कोण किती पैसे घेणार हे कंपनीगणिक ठरू लागलं. शिवाय हा नियम त्या देशांतल्या सिमला आहे. तुम्ही दुसऱ्या खंडातलं सिम घेऊन गेलात तर तुमच्या कंपनीचाच दर लागणार. तेव्हा पॅकच्या नावावर जाऊ नका, खालची देशांची यादी वाचा. ज्या देशातून नुसती गाडी जाणार आहे तोही यादीत शोधा, कारण खिशातला फोन तिथेही डेटा ओढत असतो.

एका देशात स्वस्त सिम घेऊन दुसऱ्या देशात कायमचं राहायची युक्तीही युनियनमध्ये चालत नाही. चार महिन्यांच्या काळात तुमचा वावर आणि वापर मुख्यतः बाहेरच दिसला तर कंपनी खुलासा मागू शकते आणि मग जादा आकारही लावू शकते.

सिमकडे बघणं, फोनकडे न बघणं

कंपनी उत्तम, पॅक उत्तम, आणि फोनच तिथल्या नेटवर्कशी बोलत नाही. याची कारणं तीन.

पहिलं म्हणजे लॉक. हप्त्यावर किंवा कंपनीकडून घेतलेला फोन त्याच कंपनीच्या सिमला बांधलेला असू शकतो. कॅनडात फोन अनलॉक करायचं शुल्क डिसेंबर २०१७ पासून बंद झालं, ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून लॉक केलेले फोन विकायलाच मनाई आहे, पण सगळीकडे असं नाही. लॉक ई-सिमलाही (प्लास्टिकच्या कार्डाऐवजी फोनमध्येच उतरवून घ्यायचं सिम) लागू होतो, हे अनेकांना परदेशी विमानतळावर कळतं.

दुसरं कारण फ्रीक्वेन्सीचे पट्टे. प्रत्येक देशात ४जीचे पट्टे वेगळे असतात आणि एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या देशांसाठीच्या आवृत्त्यांमध्येही फरक असतो. मॉडेल क्रमांक सेटिंगमध्ये बघा आणि कंपनीच्या तपशीलपत्राशी ताडून पाहा. अमेरिकेत विकलेल्या आयफोनमध्ये २०२२ च्या आयफोन १४ पासून सिमचा ट्रेच नाही. असा फोन घेऊन तुम्ही अशा दुकानात गेलात जिथे फक्त प्लास्टिकचं सिम मिळतं, तर काय करणार?

तिसरं कारण जरा आडवळणाचं आहे. जुनी ३जी नेटवर्क बंद होत चालली आहेत. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी ती २०२२ मध्ये बंद केली, ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२४ पर्यंत तीच गत झाली. पूर्वी इंटरनेट ४जीवर आणि आवाज ३जीवर, अशी वाटणी चालायची. आता कॉलही ४जीवरूनच जावा लागतो, त्यालाच व्हीओएलटीई म्हणतात. तुमच्या फोनचं व्हीओएलटीई त्या नेटवर्कला मान्य नसेल तर इंटरनेट धो धो चालेल आणि फोन लागणार नाही. आपत्कालीन फोनही अडू शकतो, म्हणून ऑस्ट्रेलियात ४जीवरून आपत्कालीन कॉल करू न शकणाऱ्या फोनना तिथल्या नेटवर्कवर घेणंच बंद करावं लागलं.

"अनलिमिटेड" शब्दाला भुलणं

अनलिमिटेड पॅकमध्ये बहुधा एक मर्यादा असते आणि ती ओलांडली की वेग खाली येतो. किती खाली, हा खरा प्रश्न. ६४ केबीपीएसवर आला तर दोन एमबीचं साधं वेबपान उघडायला चार मिनिटांहून जास्त लागतात. नकाशा तर उघडेपर्यंत तुम्ही चुकीच्या वळणावर गेलेले असता. "मर्यादेनंतरचा वेग" ही ओळ पॅकच्या तपशिलात शोधा. सापडली नाही तर तो पॅक सोडून द्या.

दिवसाच्या हिशोबाने आकारणी होत असेल तर दिवस कधी बदलतो तेही बघा: पहिल्या वापरापासून चोवीस तास, की घड्याळात बारा वाजले की? आणि वाजले तर कुठल्या देशातल्या घड्याळात?

ई-सिमच्या बाबतीतला आळस

प्रवासासाठी ई-सिम ही सोय मला मनापासून आवडते. पण ते उतरवून घ्यायला इंटरनेट लागतं, आणि इंटरनेटसाठीच तर ते घेतलेलं असतं! घरच्या वायफायवर बसवून मगच निघा. मात्र त्याआधी मुदत बसवल्यापासून मोजतात की नेटवर्कला जोडल्यापासून, हे वाचा. काम झालं म्हणून घाईने डिलीट करू नका. क्यूआर कोड अनेकदा एकदाच चालतो, आणि चुकून घरच्या नंबरचं ई-सिम उडवलंत तर ते परत मिळवायला कंपनीच्या दारात जावं लागेल.

यातली सगळ्यात नेहमीची गडबड अशी. बिलाच्या भीतीने लोक डेटा रोमिंग सरसकट बंद ठेवतात आणि मग "ई-सिम चालतच नाही" म्हणून तक्रार करतात. प्रवासी ई-सिम पुष्कळदा तिसऱ्याच देशातल्या कंपनीचं असतं, म्हणजे ते स्वतःच रोमिंगवर असतं. त्याचं डेटा रोमिंग चालू हवं, घरच्या सिमचं बंद हवं. दोन सिम, दोन वेगळे स्विच. याच कारणाने कधी कधी वेबसाइट भलत्याच भाषेत उघडतात, कारण तुमचं इंटरनेट त्या तिसऱ्या देशाला वळसा घालून येत असतं.

बिल फुगवणाऱ्या आडवाटा

दोन सिमच्या फोनमध्ये एका सिमची रेंज गेली तर डेटा आपोआप दुसऱ्यावर नेण्याची सोय असते. घरी ती वरदान. परदेशात मात्र तीच तुमच्या घरच्या सिमवरून महागडा डेटा ओढू शकते. निघण्याआधी ती बंद करा. मी केली नव्हती. एका बोगद्यातल्या प्रवासाची किंमत मला महिनाअखेरीस कळली.

जहाजावर आणि काही विमानांत उपग्रहावरून चालणारं मोबाइल नेटवर्क असतं. फोन ते मुकाट्याने पकडतो आणि तुमचा देशांचा पॅक तिथे लागू होत नाही. तिथे फ्लाइट मोडच बरा. सीमेजवळच्या गावांत पलीकडच्या देशाचा टॉवर जोरदार असेल तर फोन तिकडे झुकतो. तिथे नेटवर्क हाताने निवडा.

व्हॉइसमेलचं गणित तर अफलातून आहे. परदेशात फोन वाजला, तुम्ही उचलला नाही, तर तो कॉल आधी तुमच्यापर्यंत येतो आणि मग व्हॉइसमेलसाठी घरी परत जातो. काही कंपन्या दोन्ही फेऱ्यांचे पैसे लावतात. निघण्याआधी ##००२# डायल केलं की बहुतेक नेटवर्कवर सगळी कॉल-वळवणी रद्द होते. परत आल्यावर हवी तर पुन्हा चालू करून घ्या.

परदेशातल्या वापराचा हिशोब घरच्या कंपनीपर्यंत काही वेळा उशिराने पोचतो. पोस्टपेडवर असाल तर "मर्यादा संपली" हा मेसेज येईल या भरवशावर राहू नका, फोनमध्येच डेटा मर्यादा लावा.

उतरल्यावर काही चालत नसेल तर

लक्षणावरून ओळखता येतं. "फक्त आपत्कालीन कॉल" असं दिसत असेल तर फोन करार नसलेल्या नेटवर्कवर अडकलाय, किंवा घरच्या कंपनीने रोमिंग चालूच केलेलं नाही. फ्लाइट मोड चालू-बंद करा, मग नेटवर्कची निवड हातात घेऊन यादीतली एकेक कंपनी लावून बघा. यादी यायला दोन-तीन मिनिटं लागू शकतात, धीर धरा. पुढच्या देशात जाताना निवड परत "आपोआप"वर न्यायला विसरू नका.

काड्या भरलेल्या, कॉल लागतोय, पण इंटरनेट नाही? आधी डेटा कोणत्या सिमवर आहे ते बघा, मग त्या सिमचं रोमिंग, मग एपीएन, म्हणजे फोनला कंपनीच्या इंटरनेटशी जोडणारं सेटिंगमधलं नाव. एपीएनमध्ये एक अक्षर चुकलं किंवा शेवटी मोकळी जागा पडली तरी पुरतं.

ओटीपी येत नसेल तर घरच्या सिमची लाइन चालू आहे का आणि तिने एखादं नेटवर्क पकडलंय का ते तपासा; डेटा नको, पण लाइन हवी. फोन एकदा पूर्ण बंद करून चालू करा. वायफाय कॉलिंग सुरू केलं तर अनेक नेटवर्कवर एसएमएसही वायफायवरून येतात. बँकेच्या ॲपमधून मंजुरी देण्याची सोय असेल तर ती घरी असतानाच लावून ठेवा, कारण लावतानाही बहुधा ओटीपीच लागतो.

एवढं करून घरची कंपनी बदलायचीच ठरली, तर जुनी सेवा आधी बंद करू नका. बंद पडलेला नंबर पोर्ट होत नाही आणि काही काळाने तो दुसऱ्या कुणाला दिला जातो. पोर्टिंगची विनंती नव्या कंपनीकडे करा, जुनं सिम फोनमध्येच राहू द्या. नवं चालू झालं की जुन्याची रेंज आपोआप जाईल. आणि हे सगळं प्रवासाच्या आठवड्यात करू नका.