बीपी थोडं वाढलेलं असताना ईएमएस कसं करावं

ईएमएसचं (इलेक्ट्रिकल मसल स्टिम्युलेशन) ओलसर जॅकेट अंगावर चढवलं की आधी हुडहुडी भरते. मग ट्रेनर बटण फिरवतो, मांड्यांत मुंग्या येतात आणि आणखी थोडं फिरवलं की मांडी आपणहून दगडासारखी घट्ट होते. ईएमएस म्हणजे एवढंच: स्नायू आवळायचा हुकूम मेंदूच्या जोडीला बाहेरचा करंटही देतो. वीस मिनिटांत उरकतं, म्हणून वेळ नसलेल्यांना ते आवडतं. पण तुमचं बीपी 130-139 / 80-89 च्या घरात रेंगाळत असेल, तर थेट जॅकेट चढवू नका.

आधी डॉक्टर. नुसतं "व्यायाम केला तर चालेल का?" विचाराल तर "हो, करा की" असंच उत्तर येईल. अंगभर करंट देणारं जॅकेट घालणार आहे, असं स्पष्ट सांगा. पेसमेकर, गरोदरपण, फिट्स, शिरेत रक्ताची गुठळी किंवा ताब्यात नसलेलं बीपी असेल तर हा नाद सोडा. गोळ्यांची यादीही न्या. लघवी वाढवणारी गोळी असेल तर पाणी किती प्यायचं ते विचारून घ्या. बीटा-ब्लॉकरने (बीपी-हृदयासाठीची एक गोळी) नाडी दबलेली राहते, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळाचा आकडा बघून 'झेपतंय' म्हणता येत नाही. स्टॅटिनने (कोलेस्टेरॉलची गोळी) काहींचे स्नायू दुखतात, म्हणून तीही सांगायची.

जायच्या दिवशी बीपी घरीच मोजा. अर्धा तास आधी चहा बंद, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, दंड हृदयाच्या पातळीला, मिनिटभराच्या अंतराने दोनदा. आकडा नेहमीपेक्षा बराच चढा असेल, ताप असेल किंवा रात्रभर जागरण झालं असेल तर सरळ दांडी मारा. पैसे भरलेत, हे जायचं कारण नव्हे. उपाशीपोटीही जाऊ नका.

मशीनवर साधारण 85 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला करंटचे 85 झटके, लावतात. चार-सहा सेकंद करंट, मग चार सेकंद विश्रांती. करंट आला की माणूस नकळत दात आवळून श्वास कोंडतो, आणि श्वास कोंडून जोर लावला की बीपी झपकन चढतं. बीपीवाल्याने सर्वांत जपायचं ते इथे. मी करंट चालू असताना मोठ्याने आकडे म्हणतो: एक, दोन, तीन, चार. आवाज अडखळला की करंट जास्त झाला, लगेच कमी करायला सांगायचं. ट्रेनर हसतो. हसू दे.

पहिल्या दिवशी बारा मिनिटं पुरेत, तीही सौम्य. सुरुवातीचे आठ-दहा आठवडे आठवड्यातून एकदाच. पहिल्याच दिवशी हौसेने करंट वाढवला तर स्नायू आतून तुटून त्यातले घटक रक्तात उतरतात आणि भार मूत्रपिंडांवर येतो. अशा प्रकारांमुळे इस्रायलच्या आरोग्य मंत्रालयाने 2016 मध्ये जाहीर इशाराही दिला होता. पुढच्या तीन-चार दिवसांत लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर तडक दवाखाना गाठा. साध्या अंगदुखीवर मनाने पेनकिलर घेऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी बीपी वाढू शकतं, मूत्रपिंडांवरही ताण येतो.

जॅकेट काढल्यावर लगेच पळू नका. दहा मिनिटं बसा, पाणी प्या, पुन्हा बीपी मोजा आणि आधीचा-नंतरचा आकडा तारखेसह वहीत लिहा. बीपीची गोळी आणि रोजचं चालणं मात्र तसंच चालू ठेवा. गोळी कमी करायची की नाही ते ही वही बघून डॉक्टर सांगतील.