स्ट्रुमिजेनिस मुंग्या कशा पाळाव्यात: आधी स्प्रिंगटेल, मग मुंग्या

मुंग्या पाळायला घेणारे बहुतेक जण आधी घरटं बनवतात, मग राणी शोधतात आणि खाण्याचा विचार सगळ्यात शेवटी करतात. साखरपाणी आणि मेलेल्या माशीवर भागवणाऱ्या मुंग्यांना हा क्रम चालतो. स्ट्रुमिजेनिसला चालत नाही. ही शिकारी मुंगी आहे आणि तिची मुख्य शिकार एकच: स्प्रिंगटेल. ओल्या पाचोळ्यात टणाटण उडणारे, मिलिमीटर-दीड मिलिमीटरचे सहा पायांचे जीव ते हेच. ते जिवंत लागतात, बेताच्या आकाराचे लागतात आणि सतत लागतात. त्यामुळे खरं काम स्प्रिंगटेल पाळण्याचं आहे. ते जमलं की मुंग्या फार त्रास देत नाहीत.

"थोडं मध लावून बघा, खातील", "उकडलेल्या अंड्याचा बलक द्या" असले सल्ले सर्रास दिले जातात. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. मधाला बुरशी येते, बलकावर माइट (कोळ्यांच्या गटातले अगदी बारीक जीव) चढतात आणि वसाहत उपाशी ती उपाशीच राहते.

मुंगी ओळखणं आणि आणणं

या वंशात जगभरात 850 हून जास्त जाती आहेत, त्यातल्या बहुतेक उष्ण कटिबंधातल्या. सह्याद्रीच्या आणि कोकणातल्या पाचोळ्यातही त्या असतात. आकार जेमतेम दोन-तीन मिलिमीटर आणि रंग मातकट तांबूस, म्हणून नजरेत भरत नाहीत. भिंगातून पाहिलं तर डोकं पत्त्यातल्या बदामासारखं दिसतं आणि कमरेभोवती पांढुरका, सच्छिद्र भाग दिसतो. हा पांढुरका भाग पक्का बघून घ्या. अॅनोकेटस या दुसऱ्या मुंगीचे जबडेही स्ट्रुमिजेनिससारखेच सापळ्यागत मिटतात आणि नवखे लोक तिलाच स्ट्रुमिजेनिस समजून घरी आणतात.

पावसाळा उतरणीला लागला की नारळी-पोफळीच्या वाडीत पडलेल्या झावळ्यांखाली किंवा कुजक्या ओंडक्याच्या सालीत शोधा. पाचोळा चाळणीतून पांढऱ्या कापडावर चाळा आणि हात आवरून बसा. धक्का बसला की ही मुंगी पाय आखडून निपचित पडते, मातीचा कण आणि ती यांत फरक कळत नाही. काही मिनिटांनी हळूहळू चालायला लागते, तेव्हा ओल्या बारीक ब्रशने उचला. एकटी राणी आणू नका, तिलाही शिकार लागतेच आणि एकटीच्या जिवावर सगळं चालवणं अवघड जातं. राणी, कामकरी, अंडी-अळ्या अशी अख्खी वसाहतच आणा. वसाहती लहान असतात, कित्येकदा काही डझन मुंग्यांच्याच. राणी कामकऱ्यांपेक्षा किंचित मोठी असते, तिची छाती रुंद असते आणि पंख गळाल्याच्या खुणा दिसतात.

मुंग्या स्वतःच्या किंवा ओळखीच्यांच्या वाडीतूनच आणा. अभयारण्यातून परवानगीशिवाय पाचोळासुद्धा उचलायचा नाही, 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा तिथल्या मुंगीलाही लागू आहे. परदेशातल्या मित्राला टपालाने वसाहत पाठवायचा विचारही करू नका. केनियात 2025 साली राणी मुंग्या चोरून बाहेर नेऊ पाहणाऱ्या चौघांना न्यायालयाने प्रत्येकी दहा लाख शिलिंगांचा दंड किंवा वर्षभर तुरुंगवास सुनावला. आपल्याकडेही जैवविविधतेचा कायदा 2002 पासून आहे.

घरटं

हा भाग सोपा आहे. पारदर्शक झाकणाच्या छोट्या डबीत सेंटिमीटरभर प्लास्टर ऑफ पॅरिस ओता, त्यात कोळशाची पूड मिसळा म्हणजे काळ्या जमिनीवर पांढरे स्प्रिंगटेल दिसतील. ओलं असतानाच बोटाच्या पेरानं दोन-तीन खळगे करा आणि चार-पाच दिवस खडखडीत वाळू द्या. खळग्यांवर काचेची पट्टी, बाकीची जागा शिकारीला मोकळी.

प्लास्टर कायम दमट हवं, पण पाणी साचता कामा नये. ड्रॉपरने एका कोपऱ्यात थेंब सोडत जा, म्हणजे एक कोपरा जास्त ओला आणि समोरचा कमी ओला राहील. अळ्या कुठे ठेवायच्या ते मुंग्या ठरवतील. सगळ्या ओल्या कोपऱ्यात गर्दी करून बसल्या तर पाणी कमी पडतंय. काचेला आतून थेंब लगडले तर जास्त झालंय.

स्प्रिंगटेलचे डबे

आता मुख्य काम. मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथे, आणि माझ्या ओळखीत ज्यांच्या वसाहती मेल्या त्यांच्याही इथेच मेल्या. मुंग्या आणण्याच्या किमान दोन महिने आधी डबे सुरू करा. डबा खच्चून भरलाय, झाकण उघडताच कोळशावरून पांढरी रांगोळी हलतेय असं दिसेपर्यंत वाडीत पाऊल टाकायचं नाही. "मुंग्या आल्या आहेत, स्प्रिंगटेल पुढच्या आठवड्यात मागवतो" म्हणणाऱ्याला मी स्पष्ट सांगतो, मुंग्या परत सोडून ये.

बीज दोन प्रकारे मिळतं. एक म्हणजे फोल्सोमिया कॅन्डिडा ही विकत मिळणारी पांढरी जात. तिच्यात नराची गरज नसते, माद्याच माद्यांना जन्म देतात, त्यामुळे चमचाभर बीजावरून डबा भरतो. शिवाय ती फारशी उडत नाही, हाताळायला सोपी. दुसरा मार्ग म्हणजे वाडीतलेच स्प्रिंगटेल. कुजका पाचोळा बादलीत घालून वरून पाणी ओता. स्प्रिंगटेलचं अंग भिजत नाही, ते पाण्यावर पिठासारखे तरंगतात. वरचं पाणी अलगद कोळशाच्या डब्यात ओतलं की झालं. हे उड्या मारणारे, लांबट, करड्या रंगाचे असतात आणि रानातल्या मुंगीची नेहमीची शिकार तीच असते. मी दोन्ही ठेवतो. फोल्सोमिया रोजच्यासाठी, वाडीतले अधूनमधून. फक्त वाडीतल्या बीजाबरोबर माइटही येतात, म्हणून तो डबा कायम वेगळ्या खोलीत.

डब्यात साधा लाकडी कोळसा घाला, इस्त्रीवाल्याकडे मिळतो तो. बार्बेक्यूसाठी दाबून केलेल्या विटा नकोत, त्यात चिकटवायला काय काय घातलेलं असतं. कोळसा धुऊन घ्या, खडे सुपारीएवढे ठेवा आणि तळाशी बोटाच्या एका पेराइतकं पाणी. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून मग वापरा. खाणं म्हणून कोरड्या यीस्टची चिमूट किंवा तांदळाचे चार कच्चे दाणे.

इथे लोक हमखास जास्त खाणं घालतात. यीस्ट संपलेलं दिसल्याशिवाय पुढची चिमूट घालायची नाही, हा नियम मोडू नका. जास्त झालं की बुरशी येते. थोडी बुरशी स्प्रिंगटेल खातात, पण जाड थर झाला की डबा आंबतो आणि वास मारतो. माइटला तर तेच हवं असतं. डब्यात पांढरट, गोलसर, रेंगाळत चालणारे ठिपके दिसले की ते माइट. असा डबा वाचवत बसू नका, उकळतं पाणी ओता आणि टाका. म्हणूनच कधीही एकच डबा ठेवायचा नाही. किमान तीन, वेगवेगळ्या जागी, आणि प्रत्येकाचा ब्रश वेगळा.

आठवड्यातून एकदा झाकण उघडून डब्यावर हलकी फुंकर मारा. तळाशी कार्बन डायऑक्साइड साचतो आणि घट्ट डब्यात स्प्रिंगटेल गुदमरतात.

उष्णता हा आपल्याकडचा मोठा शत्रू. डब्याला 20 ते 25 अंश मानवतं. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या खोलीत, फ्रिजच्या मागे किंवा खिडकीच्या कट्ट्यावर डबे ठेवले तर गेलेच समजा. माझे डबे उन्हाळाभर माठाच्या तिवईखाली असतात. खालची फरशी दमट आणि गार राहते, दुसरं काही करावं लागत नाही. मुंग्यांना स्वतःला 24 ते 27 अंश पुरे.

आणि डासांची औषधं. कॉइल, भिंतीत खोचायचं लिक्विड, झुरळांचा स्प्रे, यातलं काहीही त्या खोलीत नको. ही कीटकनाशकं आहेत आणि तुमच्या मुंग्या-स्प्रिंगटेलना डास-झुरळांपासून वेगळं काढत नाहीत. आमच्या इमारतीत एकदा न कळवता जिन्यात पेस्ट कंट्रोल केलं गेलं, दाराच्या फटीतून वास आत आला आणि दाराजवळच्या खोलीतले सगळे डबे दोन दिवसांत मेले. आतल्या खोलीतला एक वाचला, त्याच्यावर वसाहत तगली. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर नजर ठेवा आणि फवारणीच्या दिवशी सगळं उचलून दुसऱ्यांकडे न्या.

खाऊ घालणं

डब्यातलं पाणी स्प्रिंगटेलसकट घरट्यात ओतायचं नाही. तसे व्हिडिओ भरपूर दिसतात आणि अळ्या बुडतात. कोळशाचा एक खडा चिमट्याने उचला, कोरड्या बशीवर टिचकी मारा, खाली पडलेले स्प्रिंगटेल कागदाच्या घडीवरून शिकारीच्या मोकळ्या जागेत सोडा. तीसेक मुंग्यांच्या वसाहतीला एक दिवसाआड दहा-पंधरा पुरतात. स्प्रिंगटेल मुंगीपेक्षा लहान हवेत. भले मोठे सोडले तर मुंग्या बाजूला सरकतात. "स्प्रिंगटेल निरुपद्रवी असतात, शंभर सोडले तरी काय" हेही ऐकू नका. अळ्यांच्या ढिगावरून झुंडीने फिरायला लागले की मुंग्या अळ्या उचलून जागा बदलत बसतात, शिकार राहते बाजूला.

पहिल्या दिवशी भिंग घेऊन बसाच. लांब जबड्याची जात असेल तर मुंगी आधी जागच्या जागी थबकते, मिशा मागे घेते आणि जबडे पूर्ण उघडून त्याच अवस्थेत अडकवून ठेवते. जबड्यांच्या मुळाशी पुढे आलेले नाजूक केस असतात. स्प्रिंगटेल चरत चरत येतो, त्या केसांना टेकतो आणि जबडे मिटलेले असतात. मिटताना दिसत नाहीत, मिटलेलेच दिसतात. स्प्रिंगटेलच्या पोटाखाली दुमडलेली शेपटी असते, ती जमिनीवर आपटून तो उडतो. मुंगी त्याला पकडल्याबरोबर हवेत उचलते, म्हणजे शेपटी आपटायला जमीनच उरत नाही, आणि मग नांगी मारते. आखूड जबड्याच्या जाती अगदी जवळ सरपटत जाऊन धरतात आणि चिकटून राहतात. याच एका वंशात सापळ्याचे जबडे सात ते दहा वेळा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाल्याचं 2021 साली एका संशोधनात दाखवलं गेलं. रिकामा वेळ असेल तर दोन्ही प्रकारच्या वसाहती शेजारी ठेवून बघण्यासारख्या आहेत.

पोट भरतंय की नाही हे अळ्या सांगतात. धष्टपुष्ट, आतलं खाणं गडद दिसणाऱ्या अळ्या म्हणजे सगळं ठीक. अंडी दिसेनाशी होऊ लागली तर उपासमार सुरू आहे, कारण मुंग्या तीच खायला लागतात. त्या दिवसापासून रोज थोडे थोडे सोडा. अळीचा कोष रेशमी कवचाशिवाय, उघडाच असतो, त्यामुळे आतली पांढरी मुंगी रंग धरताना दिसते. ती मेली समजून काढून टाकू नका.

एका कोपऱ्यात मुंग्या शिकारीचे अवशेष टाकतात. तो ढीग रोज साफ करायचा नसतो, उरलेले स्प्रिंगटेल तिथली बुरशी खातात.

गणपतीला आठ-दहा दिवस गावी जायचं असेल तर कुणाला चाव्या देऊन खाणं घालायला सांगू नका. निघायच्या आदल्या दिवशी प्लास्टर नीट भिजवा, नेहमीच्या दुप्पट स्प्रिंगटेल सोडा आणि शिकारीच्या जागेत अळ्यांपासून लांब यीस्टचे दोन-चार कण टाका, म्हणजे स्प्रिंगटेल तेवढे दिवस जिवंत राहतील. डबी घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा आणि घर सांभाळणाऱ्याला सांगून ठेवा, की त्या खोलीत संध्याकाळी कॉइल लावायची नाही.