अरब विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवताय? या चुका टाळा

पुण्यात शिकायला आलेली येमेनी, इराकी मुलं असोत की आखातातल्या शाळेतला वर्ग, मराठी शिक्षकाच्या कानावर पहिल्याच दिवशी 'बिग ब्रॉब्लेम' पडतो. गाडीचं 'पार्किंग' 'बार्किंग' होतं, म्हणजे गाडी भुंकायलाच लागते. हसू आवरा. अरबीत प हा वर्णच नाही. पेप्सीच्या बाटलीवरसुद्धा तिकडे 'बीबसी' असंच लिहितात.

इथे आपण करतो ती मोठी चूक म्हणजे 'प म्हण, प' असं दहादा घोकून घेणं. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीचा प हवेच्या झोतासकट बाहेर पडतो. आपला 'पळी'तला प कोरडा, आणि अरबी कानाला तो सहज ब वाटू शकतो. आपण प म्हणतो, मुलगा ब ऐकतो आणि इमानेइतबारे ब म्हणून दाखवतो! तोंडासमोर कागदाची पातळ पट्टी धरा. 'पेन' म्हणताना ती हलली पाहिजे. आधी स्वतः करून बघा, बहुधा आपलीही जेमतेमच हलेल. ओठ घट्ट मिटून 'फळ' म्हणायला जा आणि जोर थोडा कमी करा, की जमतं. प नवा नवा जमला की 'बॅग'चीही 'पॅग' होते. तेव्हा ओरडू नका. पॅक-बॅक, पिन-बिन अशा जोड्या ऐकवून कोणता शब्द ते ओळखायला लावा.

'व्हॅन'ची 'फॅन' होते, त्याला उपाय सोपा: फ तसाच धरून ठेवायचा आणि गळ्यावर बोट ठेवून घसा घुमवायचा.

जोडाक्षरांत सगळे अरब एकाच मापाने मोजू नका. 'फ्लोअर'चं कैरोचा मुलगा 'फिलोर' करतो, बगदादचा 'इफ्लोर'. एकाला मधली इ काढायला सांगायची, दुसऱ्याला सुरुवातीची. (आपण स्टेशनचं ठेसन केलंच ना!)

आणि 'थिंक', 'दिस' शिकवताना जरा जपून. जीभ दातांत धरून काढायचे हे दोन्ही आवाज अरबीत आहेत, इराकी किंवा कुवेती मुलाच्या रोजच्या बोलण्यातही. त्याचं बरोबर असतं. चुकतो तो आपला थ आणि द. सुधारायला गेलात तर बिघडवाल. कैरोचा मुलगा मात्र 'सिंक', 'झिस' म्हणेल. त्याला कुराणपठणातला ث हा अरबी वर्ण आठवायला सांगा, म्हणजे 'सा' नव्हे, जीभ दातांत धरून म्हणतात तो.