आयपॅड अपडेट करताय? आधी आकडा बघा आणि या चुका टाळा

२०२५ चे गणपती जाऊन आठवडाभर झाला असेल-नसेल, तोच अ‍ॅपलने आयपॅडओएस २६, म्हणजे आयपॅडची नवी सिस्टिम, बाजारात सोडलं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लगेच प्रश्न आला, "माझ्याकडे १८ आहे. मग १९ ते २५ राहूनच गेले का?" काहीही राहिलेलं नाही. अ‍ॅपलने ओळीने नंबर देणं बंद केलं आणि येणाऱ्या सालाचा आकडा द्यायला सुरुवात केली, म्हणून १८ च्या पाठीवर थेट २६.

प्रश्न भाबडा वाटतो, पण विचारणाऱ्याने निदान आकडा तरी पाहिला होता. बाकीचे तेवढंही बघत नाहीत. मी दादरच्या एका क्लासमधले टॅब सांभाळतो, त्यामुळे शेजारपाजारचे आयपॅडही आपसूक माझ्याकडे येतात. 'बिघडला' म्हणून आलेला आयपॅड बहुतेक वेळा धडधाकट असतो. त्यात एक व्हर्जन असतं आणि मालक यूट्यूबवर बघून भलत्याच व्हर्जनचा इलाज करत बसलेला असतो.

थोडा इतिहास सांगतो, पुढे उपयोगी पडेल. २०१० साली पहिला आयपॅड आला तेव्हा त्याला स्वतःची सिस्टिमच नव्हती, आयफोनचीच ३.२ त्यात घातलेली होती. आयपॅडओएस हे वेगळं नाव मिळालं २०१९ मध्ये, १३ व्या व्हर्जनपासून. त्यामुळे 'आयपॅडओएस १२' कुठे मिळेल म्हणून शोधू नका. १२ पर्यंत सगळं आयओएसच आहे.

'अप टू डेट' वाचून निश्चिंत होणं

सॉफ्टवेअर अपडेटच्या पानावर तुमचा आयपॅड अप टू डेट आहे असं आलं, तर त्याचा अर्थ इतकाच की या मॉडेलला आत्ता याच्या पुढचं काही उपलब्ध नाही. मॉडेल जुनं असेल तर पुढचं मोठं व्हर्जन कदाचित कधीच मिळणार नाही. २०१३ चा आयपॅड एअर १२.५ च्या घरात थांबला. एअर २ आणि मिनी ४ आयपॅडओएस १५ वर थांबले. साध्या आयपॅडमध्ये पाचव्या पिढीची (२०१७) हद्द १६, सहावीची (२०१८) १७ आणि सातवीची (२०१९) १८. आठवी पिढी (२०२०) मात्र २६ घेते.

आपलं मॉडेल कोणतं हे पाठीवरच्या मुंगीएवढ्या अक्षरांत शोधत बसू नका. सेटिंग्जमध्ये जनरल, त्यात अबाऊट उघडा. तिथे मॉडेल नंबरच्या ओळीवर एकदा बोट टेकवलं की 'ए' आणि चार आकडे असा नंबर दिसतो. तो कागदावर लिहून ठेवा. दुरुस्तीवाला, विकणारा, घेणारा, सगळ्यांशी पुढचं बोलणं त्याच नंबरावर होतं.

मोठं व्हर्जन थांबलं म्हणजे सगळं संपलं असंही समजू नका. त्याच २०१३ च्या एअरसाठी अ‍ॅपलने जानेवारी २०२३ मध्ये १२.५.७ हे सुरक्षेचं अपडेट दिलं होतं. असं काही दिसलं तर बिनधास्त घ्या.

खरी पंचाईत त्याहून जुन्यांची. आयपॅड २ आणि ३ हे ९.३ वर अडकलेत. त्यांच्यावर कित्येक वेबसाइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून उघडतच नाहीत. त्याचं एक कारण असं की ३० सप्टेंबर २०२१ ला एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची (वेबसाइट खरी आहे का हे ज्यावरून यंत्र ओळखतं त्याची) मुदत संपली आणि त्याच्या जागी आलेलं प्रमाणपत्र आयओएस १० च्या आधीच्या यंत्रांना ओळखता येत नाही. मग लोक क्रोम टाकून बघतात. फरक पडत नाही, कारण आयपॅडवरचा क्रोमही आतून सफारीचंच इंजिन वापरतो. एकच गोष्ट तपासा, तारीख. कपाटात पडून बॅटरी पार उतरलेला आयपॅड कधी कधी भलतीच तारीख धरून बसतो, आणि तारीख चुकली की चांगल्या साइटही बंद पडतात.

जुन्यावर अ‍ॅप उतरत नसेल तर एक युक्ती करा. तेच अ‍ॅप आधी त्याच अ‍ॅपल अकाउंटने नव्या आयपॅडवर किंवा आयफोनवर घ्या. मग जुन्यावर अ‍ॅप स्टोअरच्या 'पर्चेस्ड' यादीतून मागा. त्या सिस्टिमवर चालणारं शेवटचं व्हर्जन उपलब्ध असेल तर ते उतरवू का, असं तो स्वतःच विचारतो.

"माझी अर्धी-अर्धी स्क्रीन गेली"

गिरगावातल्या एक बाई घरून गणिताच्या शिकवण्या घेतात. डावीकडे बालभारतीच्या पुस्तकाची पीडीएफ आणि उजवीकडे नोट्समध्ये पेन्सिलीने सोडवलेलं उदाहरण, अशी त्यांची मांडणी पक्की बसलेली. २६ चं अपडेट घेतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन, "अहो, वरचे तीन ठिपकेच नाहीत. मी कुठे काय दाबलं?" त्यांनी काहीच दाबलं नव्हतं.

अर्धी स्क्रीन करायची पद्धत अ‍ॅपलने आजवर पुन्हा पुन्हा बदलली आहे. २०१५ साली आयओएस ९ मध्ये स्प्लिट व्ह्यू आला, तेव्हा उजव्या कडेवरून बोट आत ओढायचं. २०१७ ला ११ मध्ये खाली डॉक, म्हणजे अ‍ॅप उचलता येतील अशी नवी पट्टी, आला आणि त्यातून अ‍ॅप उचलून कडेला नेऊन सोडायचं असं ठरलं. २०२१ ला १५ मध्ये वर तीन ठिपक्यांचा मेनू आला. २०२२ ला १६ मध्ये स्टेज मॅनेजर (खिडक्यांचे गट करून देणारी सोय) आलं, तेही मोजक्या महागड्या मॉडेलांपुरतं. आणि २६ मध्ये जुना स्प्लिट व्ह्यू काढून सरळ कॉम्प्युटरसारख्या खिडक्याच दिल्या. आता यूट्यूबवर या सगळ्या काळातले व्हिडिओ शेजारी शेजारी पडलेत आणि प्रत्येकाच्या नावात 'सोपी ट्रिक' आहेच. व्हिडिओ कोणत्या साली टाकलाय ते आधी बघा. २०१८ चा असेल तर तो २६ साठी कुचकामी आहे.

२६ वर असाल तर असं करा. सेटिंग्जमध्ये 'मल्टिटास्किंग अँड जेस्चर्स' उघडा. तिथे तीन पर्याय आहेत: फुल स्क्रीन अ‍ॅप्स, विंडोड अ‍ॅप्स आणि स्टेज मॅनेजर. पहिल्यावर खूण असेल तर कितीही ओढाताण केली तरी दोन अ‍ॅप शेजारी येणार नाहीत. बाईंचं नेमकं हेच झालं होतं. अपडेटनंतरच्या स्वागताच्या पानांवर घाईघाईत तो पर्याय निवडला गेला होता. दुसरा निवडा. मग अ‍ॅपच्या खिडकीत वर डावीकडे लाल, पिवळे, हिरवे बारीक ठिपके दिसतील. त्यांच्यावर बोट जरा वेळ दाबून धरलं की खिडकी डावीकडे, उजवीकडे, तृतीयांश, चतुर्थांश कशी बसवायची त्याचे नमुने येतात. पीडीएफ डावीकडे बसवा, डॉकमधून नोट्स उघडा आणि ती तशीच उजवीकडे बसवा. मधली रेघ ओढून कोणाला किती जागा ते ठरवता येतं. पाच मिनिटांत बाईंचा वर्ग सुरू झाला.

कडेवरून सरकत येणारी छोटी खिडकी, म्हणजे स्लाइड ओव्हर, हीसुद्धा २६ मध्ये काढून टाकली होती. लोकांनी आरडाओरडा केल्यावर ती २६.१ मध्ये परत आली. तेव्हा तुम्ही २६.० वरच असाल आणि तिच्यावाचून अडत असेल तर पुढचं अपडेट घ्या. माझं मत विचाराल तर खिडक्यांचा बदल मोठ्या स्क्रीनवर छान आहे. साध्या आयपॅडवर मात्र दोनच्या वर खिडक्या मांडणं म्हणजे आठ सत्तावन्नच्या विरार फास्टमध्ये चौथी सीट मागणं.

जागा नाही, बॅकअप नाही, तरी अपडेट दाबणं

३२ जीबीच्या आयपॅडवर हे हमखास घडतं. वायफायवरून अपडेट करताना फाइल उतरवायला आणि ती उलगडायला अशी दोन्हीची जागा आयपॅडमध्येच लागते. फोटो उडवत बसण्यापेक्षा केबलने लॅपटॉपला जोडा आणि मॅकवर फाइंडरमधून किंवा विंडोजवर आयट्यून्समधून अपडेट करा. फाइल लॅपटॉपवर उतरते, आयपॅडवर बरीच कमी जागा पुरते. अर्धवट उतरलेलं जुनं अपडेट आयपॅड स्टोरेजच्या यादीत पडून असेल तर ते आधी काढा.

आणि "माझे फोटो आयक्लाउडवर आहेत, आयपॅडमधून उडवतो" हे बोलण्याआधी थांबा. आयक्लाउड फोटोज चालू असेल तर आयपॅडवर उडवलेला फोटो फोनवरून आणि आयक्लाउडवरूनही उडतो. 'रीसेंटली डिलीटेड'मध्ये तो तीसेक दिवस सापडतो, नंतर गेला तो गेला.

बॅकअप लॅपटॉपवर घेणार असाल तर 'एन्क्रिप्ट' वर खूण करा, एरवी साठवलेले पासवर्ड त्यात येत नाहीत. त्या बॅकअपचा पासवर्डही कुठेतरी लिहून ठेवा. तो हरवला तर बॅकअप उघडणार नाही.

नवीन मोठं व्हर्जन पहिल्याच दिवशी घ्यायची घाई करू नका. सप्टेंबर २०२४ मध्ये आयपॅडओएस १८ आल्या आल्या एम४ चिपचे काही आयपॅड प्रो बंदच पडले आणि अ‍ॅपलला त्या मॉडेलसाठी अपडेट मागे घ्यावं लागलं. ते सगळ्यांत महाग आयपॅड होते. 'आवडलं नाही तर मागे जाईन' या भरवशावरही राहू नका. नवं आल्यावर थोड्याच दिवसांत अ‍ॅपल जुन्या व्हर्जनला मान्यता देणं थांबवतं, आणि नव्यावर घेतलेला बॅकअप जुन्यात बसत नाही. कामाच्या आयपॅडवर बीटा, म्हणजे चाचणीतलं कच्चं व्हर्जन, टाकू नये ते याचसाठी.

सफरचंदावर अडकला की घाबरून 'रिस्टोअर' दाबणं

सगळ्यांत जास्त नुकसान इथे होतं. तासभर काळ्या स्क्रीनवर सफरचंद, पट्टी हलत नाही. आधी जबरदस्तीने रीस्टार्ट करा. होम बटण असेल तर होम आणि वरचं बटण एकत्र दाबून धरा. होम बटण नसेल तर आवाजाच्या दोन बटणांपैकी वरच्या बटणाजवळचं दाबून सोडा, मग दुसरं दाबून सोडा, मग वरच्या कडेचं चालू-बंदचं बटण धरून ठेवा.

एवढ्यावर भागलं नाही तर केबलने लॅपटॉपला जोडून हेच पुन्हा करा, पण सफरचंद दिसलं तरी बोट उचलू नका. केबल आणि लॅपटॉपचं चित्र येईपर्यंत धरून ठेवा. लॅपटॉपवर दोन बटणं येतील, अपडेट आणि रिस्टोअर. अपडेट दाबा. त्यात सिस्टिम नव्याने बसते आणि तुमचा डेटा तसाच राहतो. रिस्टोअर सगळं पुसून टाकतं.

इथे आपल्याकडच्या नेटमुळे एक गंमत होते. फाइल काही जीबींची असते, आणि ती उतरायला पंधरा मिनिटांहून जास्त लागली तर आयपॅड आपणहून त्या चित्रातून बाहेर पडतो. लोकांना वाटतं हाही उपाय फसला, आणि दुसऱ्या वेळी ते वैतागून रिस्टोअर दाबतात. तसं करू नका. फाइल पूर्ण उतरू द्या, मग पुन्हा तीच बटणं दाबून चित्र आणा आणि अपडेट निवडा.

अपडेट नीट झाल्यावर पहिले एक-दोन दिवस आयपॅड गरम लागतो, बॅटरी भराभर उतरते. आत फोटो आणि फाइलींची सूची नव्याने बनत असते. रात्री चार्जरवर, वायफाय चालू ठेवून सोडा. लगेच बॅटरी बदलायला धावू नका.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात नुसतं "लेटेस्ट है" ऐकून पैसे देणं

सेकंडहँड घेताना काउंटरवरचा माणूस खोटं बोलतोच असं नाही. "अपडेट करके दिया है साहब" हे सातव्या पिढीच्या बाबतीतही खरंच असतं, फक्त तो १८ च्या पुढे जाणार नसतो. दुकानात उभ्या उभ्या तो अबाऊटमधला मॉडेल नंबर काढा आणि फोनवर पिढी तपासा. सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर आधीच्या मालकाचं नाव दिसत असेल तर तुमच्यासमोर त्याला साइन आउट करायला सांगा. नुसतं पुसून दिलेलं चालत नाही. २०१३ च्या आयओएस ७ पासून अ‍ॅक्टिव्हेशन लॉक आहे, जुन्या मालकाचा पासवर्ड मिळाला नाही तर आयपॅड पुढे सरकत नाही.

कमी पैशांत २६ चालवायचं असेल तर साध्या आयपॅडमध्ये आठव्या पिढीच्या खाली उतरू नका. ती ३२ आणि १२८ जीबी अशा दोन्हींत आली होती. दुकानदार आधी ३२ वालाच पुढे करेल, कारण तो स्वस्त. घरात लॅपटॉप नसेल तर १२८ चा मागा.