जुन्या मोटारीच्या इंजिनाचे कॉम्प्रेशन घरच्या घरी कसे तपासावे

इंदूरमध्ये रामबाग, लोकमान्यनगर अशा भागांत अजूनही कितीतरी घरांच्या आवारात जुनी मारुती ८०० किंवा प्रीमियर पद्मिनी उभी दिसते. निमाडातून मानपूरचा घाट चढताना अशी गाडी दुसऱ्या गिअरमध्येही दमू लागली, सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागू लागला किंवा तेल कमी होऊ लागले, की मिस्त्री बहुधा ‘इंजिनकाम निघाले’ असे सांगून मोकळा होतो. ते काम खरोखर निघाले आहे का, आणि निघाले असल्यास खालचे म्हणजे रिंग-पिस्टनचे की फक्त हेडचे, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाचे आणि त्यातल्या व्हॉल्व्हचे, हे इंजिन न उघडता बऱ्याच अंशी कळू शकते. त्यासाठी कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनने सिलिंडरातली हवा दाबल्यावर तयार होणारा दाब, मोजणारा गेज, स्पार्क प्लग काढायचा प्लगपाना, चार्ज केलेली बॅटरी आणि ॲक्सिलरेटर दाबून धरणारा एक मदतनीस एवढे पुरते.

गेज घेताना प्लगच्या भोकावर रबराने दाबून धरायचा प्रकार टाळावा आणि आट्यांनी बसणारा घ्यावा, कारण दाबून धरलेल्या गेजच्या कडेने थोडी जरी हवा निसटली तरी आकडा खोटा येतो. सियागंजात हत्यारांच्या दुकानांत चौकशी करताना प्लगचे आटे १४ मिलिमीटरचे आहेत हे आधी सांगावे. गेजच्या नळीच्या टोकाशी बारीक व्हॉल्व्ह असतो आणि त्याची स्प्रिंग मुद्दाम हलकी ठेवलेली असते. तो खराब झाल्यावर त्याच्या जागी टायरचा साधा व्हॉल्व्ह पिन बसवला, तर तो उघडण्यातच काही दाब खर्ची पडतो आणि धडधाकट इंजिनही आजारी दिसते. हा घोटाळा वाटतो त्यापेक्षा अधिक वेळा होतो, म्हणून उसना आणलेला गेज आधी एखाद्या चांगल्या चालणाऱ्या गाडीवर लावून पाहावा. डिझेल इंजिनाचा दाब पेट्रोल इंजिनाच्या दुपटीहून अधिक असतो, तेव्हा पेट्रोलचा गेज तिथे लावू नये.

तपासणीपूर्वी टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा भाग यांच्यामधली फट) बरोबर आहे याची खात्री करून घ्यावी, कारण टॅपेट घट्ट असेल तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि दोष नसताना रिंगवर आळ येतो. त्यानंतर गाडी फिरवून आणून इंजिन नेहमीइतके गरम करावे, बंद करावे आणि हात भाजणार नाही इतपतच निवू द्यावे. प्लगच्या खाचेतील धूळ हवेने उडवल्याशिवाय प्लग सैल करू नये, नाहीतर ती थेट सिलिंडरात पडते. वायरींवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावाव्यात. मारुती ८०० च्या तीन सिलिंडरांचा फायरिंग क्रम, म्हणजे ठिणगी पडण्याचा क्रम, १-३-२ असल्याने वायरींची अदलाबदल झाली की गाडी सुरू होत नाही आणि नसता दोष शोधत बसावे लागते. प्लग एक-एक करून नव्हे, सगळे एकदम काढावेत, म्हणजे सेल्फवर भार येत नाही आणि इंजिन सारख्या वेगाने फिरते. काढलेले प्लग क्रमाने मांडून ठेवावेत. तेलाने ओला झालेला किंवा काजळी धरलेला प्लग कोणत्या सिलिंडरचा, हे पुढे आकड्यांशी ताडून पाहता येते.

इग्निशन कॉइलची बारीक वायर काढून करंट बंद करणे अत्यावश्यक आहे, कारण उघड्या भोकांतून पेट्रोलची वाफ बाहेर येत असताना लोंबत्या वायरीची एक ठिणगीही पेट घ्यायला पुरेशी होते. एमपीएफआय (कार्बुरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या) गाडीत इंधनपंपाचा फ्यूजही काढावा. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा, चोक पूर्ण उघडा असावा आणि मदतनीसाने ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून ठेवावा. थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) बंद राहिला तर सिलिंडरात पुरेशी हवाच शिरत नाही आणि सगळे आकडे सारखेच पडलेले दिसतात.

आता गेज हातानेच आवळून सेल्फ मारावा आणि काट्यावर लक्ष ठेवावे. पहिल्या ठोक्याला काटा कुठे गेला आणि पाच-सहा ठोक्यांनंतर कुठे थांबला, हे दोन्ही आकडे लिहून ठेवावेत, गेजमधील दाब सोडावा आणि प्रत्येक सिलिंडरला तेवढेच ठोके द्यावेत. निरोगी सिलिंडरात काटा पहिल्याच ठोक्याला निम्म्याहून वर उडी घेतो. रिंग झिजल्या असतील तर तो खालून सुरू होऊन ठोक्यागणिक थोडा थोडा चढत राहतो आणि व्हॉल्व्ह गळत असेल तर खालीच सुरू होऊन फारसा चढत नाही. हा फरक अखेरच्या आकड्यापेक्षा अधिक बोलका आहे, पण बहुतेक जण फक्त शेवटचा आकडा पाहतात.

जुन्या पेट्रोल इंजिनात साधारण १२० ते १७० पीएसआयच्या (दर चौरस इंचावर पौंडांत मोजलेला दाब) दरम्यानचा दाब चालतो; नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावा. मात्र इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच असल्याने इथे हवेचा दाबच सुमारे ६ टक्क्यांनी कमी असतो, म्हणून मॅन्युअलमधील १७० च्या जागी इथे १६० आले तर घाबरण्याचे कारण नाही. माझ्या मते सिलिंडरांचा आपसातला फरकच अधिक महत्त्वाचा. १५०, १४८ आणि १४५ असे आकडे आलेले इंजिन थोडे झिजलेले असले तरी अजून धावेल, पण १५०, १४८ आणि १०५ आले तर तिसऱ्या सिलिंडरची चौकशी करायलाच हवी. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या तीन-चतुर्थांशाहूनही खाली असेल, तर काम निघाले असे समजावे. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले असतील तर त्यांच्यामधला हेड गॅसकेट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधली सील करणारी पट्टी) फुटल्याची शक्यता अधिक असते. सगळेच सारखे पडले असतील तर इंजिनाला दोष देण्यापूर्वी बॅटरी, थ्रॉटल आणि मारुतीत टायमिंग बेल्टचा दात सरकला आहे का, हे पाहावे. आकडा अपेक्षेपेक्षा बराच वर गेला तर आत कार्बन साचला आहे असे मानावे.

पडलेल्या सिलिंडरात चमचाभर इंजिन ऑइल घालून मिनिटभराने पुन्हा मोजावे. १०५ चा आकडा १४० पर्यंत चढला तर गळती रिंगांकडून होत होती आणि तेलाने ती तात्पुरती बुजवली. आकडा जागचा हलला नाही तर दोष व्हॉल्व्हचा किंवा गॅसकेटचा, म्हणजे हेड उतरवून भागण्यासारखा आहे. तेल चमचाभराहून जास्त घालू नये, कारण जास्त तेलाने वरची जागा भरून आकडा फुगतो.

प्लग परत बसवताना पहिले काही आटे बोटांनीच फिरवावेत. ॲल्युमिनियमच्या हेडात वाकडा शिरलेला प्लग आटे कापून टाकतो. कॉइलची वायर आणि फ्यूज जोडून गाडी सुरू केल्यावर सायलेन्सरमधून निळसर धूर निघेल. तो आत घातलेल्या तेलाचा असतो आणि थोड्या वेळात थांबतो.