जुनं ब्रिटिश लष्करी सॅडल घोड्यावर कसं बसवायचं

ब्रिटिश आर्मीचं युनिव्हर्सल पॅटर्नचं (म्हणजे ठरलेल्या सरकारी नमुन्याचं) जुनं सॅडल, म्हणजे खोगीर, हातात आलं की लगेच घोड्यावर टाकू नका, आधी उलटं करून टेबलावर ठेवा आणि सांगाडा नीट बघा. दोन लाकडी फळ्या आणि त्यांना जोडणाऱ्या पुढे-मागे दोन लोखंडी कमानी. १९०२ च्या पॅटर्नमध्ये कमानी फिक्स असतात, १९१२ च्यात फळ्या कमानीवर थोड्या फिरतात म्हणजे पाठीचा उतार जसा असेल तशा टेकतात, त्यामुळे ते थोडं हलतंय म्हणून मोडलंय असं समजू नका. पण फळी चिरलेली असेल, रिव्हेटपाशी गंज फुगला असेल किंवा कमानीला तडा असेल तर ते कपाटात छान दिसेल, त्यावर बसायचं नाही, इथे तडजोड नकोच.

चामड्यावर हात फिरवा. लालसर भुकटी लागली तर ते चामडं संपलं, कितीही तेल पाजलंत तरी परत येत नाही. बाकी चामड्याला ग्लिसरीन साबण आणि अगदी थोडं तेल, रंग मारू नका कारण बाणाच्या टोकाची सरकारी खूण, साल, साईज हे शिक्के त्याखाली जातात. तंगाचे (पोटाखालून आवळायचे) आणि रिकिबीचे (पाय अडकवायच्या कड्यांचे) पट्टे मात्र स्वार होणार असाल तर नवेच लावा, जुने जपून ठेवा.

आता घोडा. पहिल्यांदा ब्लँकेट न घालता, नुसत्या पाठीवर ठेवा. खांद्याच्या हाडामागे बसलं पाहिजे, मोतद्दाराला (घोडा सांभाळणाऱ्याला) पुढचा पाय उचलून पुढे ओढायला सांगा आणि तेव्हा फळीखाली हात घाला, हाड फळीवर घासत असेल तर सॅडल मागे घ्या. मागे वजन शेवटच्या बरगडीच्या पलीकडे जायला नको, कारण कंबर वजन पेलायला नसतेच, फळ्यांची जी टोकं सामानासाठी मागे निघालेली असतात ती पाठीला टेकता कामा नयेत. मग हात पुढून मागे सरकवत न्या, दाब सगळीकडे सारखा हवा. दोन टोकं टेकलीत आणि मध्ये पोकळी आहे, किंवा मधेच टेकून ते झुलतंय, तर त्या घोड्यासाठी ते सॅडल नाही.

नंतर घडी घातलेलं ब्लँकेट. या सॅडलची सगळी गंमत इथेच आहे, मोहिमेत घोडा वाळला की घडी वाढवून फिटिंग सांभाळायची. ब्लँकेट विदर्सवर, म्हणजे मानेच्या मुळाशी खांद्यांवर असलेल्या उंचवट्यावर, ताणून बसू देऊ नका, पुढच्या कमानीत वर ओढून घ्या. स्वार बसल्यावर विदर्स आणि कमान यांच्यामध्ये दोन-तीन बोटं सहज जायला हवीत, मागून वाकून पाहिलं तर मणक्यावरून आरपार उजेड दिसला पाहिजे. मारवाडी किंवा काठियावाडी घोड्याचे विदर्स बऱ्याचदा उंच आणि अरुंद असतात, तिथे हे खास तपासा.

वीसेक मिनिटं चाल आणि दुडकी करून सॅडल काढा. घाम सारखा पसरलेला हवा, मध्येच कोरडा ठिपका राहिला तर तिथे बहुतेक जास्त दाब पडतोय. तासाभराने परत हात फिरवा, सूज पुष्कळदा उशिरा उठते, आणि उठलीच तर ती पूर्ण उतरेपर्यंत सॅडल चढवू नका, नंतर घडी बदलून पुन्हा पहिल्यापासून बघा.